आयटीआय इलेक्ट्रिशियनच्या पोरांना टूलवर स्टुडंट डिस्काउंट मिळतो का? बोहरी आळी, तापकीर गल्ली, जुना बाजार आणि ऑनलाइन, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. "विद्यार्थ्यांना सवलत" अशी पाटी पुण्यातल्या एकाही टूलच्या दुकानावर मला दिसलेली नाही. पण डिस्काउंट मिळतो. तोंड उघडून मागावा लागतो, आयकार्ड काउंटरवर ठेवून मागावा लागतो, आणि एकटे गेलात तर चहापाण्याइतका सुटतो, सात-आठ पोरं एकच यादी घेऊन गेलात तर मात्र बऱ्यापैकी पैसे वाचतात. आता सविस्तर.

भाच्याला यंदा सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला. दोन वर्षांचा कोर्स आहे, दहावीला गणित-विज्ञान लागतं, आणि मेरिट बऱ्यापैकी वर जातं या ट्रेडचं, त्यामुळे घरी पेढे वगैरे झाले. मग आठवड्याभरात पोरगं यादी घेऊन आलं की मामा एवढं सगळं घ्यायचंय. मी स्वतः वायरिंगची कामं घेतो, फ्लॅट, दुकानं, कधी छोटं वर्कशॉप, त्यामुळे टूलचं मार्केट मला नवीन नाही, पण मी घेतो ते ओळखीवर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या भावात. विद्यार्थी म्हणून गेलं तर काय भाव मिळतो ते बघायचं होतं, म्हणून मुद्दाम त्याला पुढे केला आणि मी मागे उभा राहिलो.

यादीबद्दल पहिलं बोलतो, कारण निम्मे पैसे तिथेच वाचतात. ती यादी कोणा सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली होती. पक्कड, साइड कटर, नोज प्लायर, तीन-चार मापाचे डिसमिस, टेस्टर इथपर्यंत ठीक. त्यापुढे गिरमिट, पटाशी, सेंटर पंच, स्क्रायबर, कानस, टेनन सॉ, दोन प्रकारच्या हातोड्या, स्टील रूल, असं सगळं. मी वाचल्या वाचल्या म्हटलं अरे ही तर सिलॅबसमधली टूलकिटची यादी आहे, ही संस्थेने ठेवायची असते! ट्रेडच्या अभ्यासक्रमात मागे जी साहित्याची यादी असते ना, त्यात ट्रेनीज टूल किट म्हणून हे सगळं दिलेलं असतं, एका युनिटमध्ये वीस मुलं धरून संस्थेने सेट ठेवायचे, वर्कशॉपच्या स्टोअरमधून सही करून घ्यायचे आणि संध्याकाळी परत करायचे. पोरांना हे कोणी सांगतच नाही. ती बिचारी पटाशी विकत घेतात, जी लाकडी बॅटनचं (भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून केलेलं जुनं) वायरिंग करायला लागायची, आणि दोन वर्षांत तिला एकदा धार लावत नाहीत.

म्हणून दुकानात जायच्या आधी इन्स्ट्रक्टर सरांना सरळ विचारा की सर, स्टोअरमधून काय मिळतं आणि स्वतःचं काय लागतं. भाच्याने विचारलं तर सरांनी तिथल्या तिथे यादीवर काट मारली आणि सात-आठ वस्तू राहिल्या. काही ठिकाणी स्टोअरमधली टूल इतकी जुनी असतात की पक्कडीचे जबडे एकमेकांना भेटत नाहीत, तिथे स्वतःची घेतलेली बरी हे मला मान्य आहे. पण विचारा तरी.

आता मार्केट.

बोहरी आळी

रविवार पेठेतली बोहरी आळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हार्डवेअर, टूल, नटबोल्ट, साखळ्या, ब्रश, रंग, असं सगळं एकमेकाला चिकटून असलेल्या दुकानांचं मार्केट आहे. गाडी नेऊ नका, खरंच नेऊ नका. मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. आणि गंमत बघा, मेट्रोत विद्यार्थ्याला तीस टक्के सवलत आहे, एसटीच्या पासात तर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे प्रवासाला सवलत आणि टूलला मात्र अशी ठरलेली सवलत नाही, अशी आपली व्यवस्था.

आम्ही गेलो ते दुकान जुनं आहे, नाव लिहीत नाही, कारण मालकाने दिलेला रेट उद्या सगळ्यांनी जाऊन मागितला तर तो मला शिव्या घालेल. गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे चाचा आणि माल काढायला त्यांचा मुलगा. भाच्याने आल्या आल्या विचारलं, "चाचा, स्टुडंट डिस्काउंट आहे का?" चाचा चष्म्यावरनं बघत म्हणाले, "बाळा, लॅपटॉप घ्यायला आलास का तू?" आजूबाजूची गिऱ्हाईकं हसली. पण मग आयकार्ड बघितलं, ट्रेड विचारला, कुठल्या वर्षाला विचारलं, आणि म्हणाले आयटीआयचा आहेस तर मेकॅनिकवाला रेट लावतो.

हा "मेकॅनिकवाला रेट" समजून घ्या. एमआरपी ही या मार्केटमध्ये नुसती छापण्यापुरती असते, त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली तर रस्त्यावरच्या कोणालाही मिळतं. त्यामुळे एमआरपीवर दहा टक्के सोडले म्हणून कोणी आनंदाने उड्या मारू नका, तुम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्तच दिलेत. खरा प्रश्न असा की काउंटरच्या नेहमीच्या भावाच्या खाली किती. आयकार्डावर आम्हाला मिळालं ते साधारण आठ-दहा टक्के खाली. आठ इंची टपारियाची पक्कड, १६२१ नंबरची, सगळ्या वायरमनच्या खिशात असते ती, काउंटरला ३२० सांगत होते ती २९० ला. मग मी मागून म्हटलं की चाचा, याच्या बॅचची अजून पोरं आहेत, सगळ्यांचं एकदम घेतलं तर? तेव्हा ते आकडा मोडायला लागले, कॅल्क्युलेटर काढला, आणि २७० वर आले. वायर स्ट्रिपर २२० चा १९०. डिसमिसांचं असंच. हे आम्ही गेलो तेव्हाचे भाव, तुम्ही जाल तेव्हा वेगळे असणार, पण फरकाचा अंदाज यावा म्हणून लिहितोय.

टेस्टरवर एक रुपया सोडला नाही. भाचा घासाघीस करायला लागला तर चाचा म्हणाले, "टेस्टरवर कमी करायला सांगशील तर कमीचा टेस्टर देईन." आवडलं मला हे.

पुढच्या शनिवारी आठ पोरं मिळून गेली, मी नव्हतो, एकाच यादीवर सगळ्यांनी घेतलं आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास प्रत्येकाचे वाचले. पैसे आधी गोळा करा हा माझा सल्ला, नाहीतर दुकानात उभं राहून "माझे तू भर, मी उद्या जीपे करतो" असं होतं आणि एक कोणीतरी महिनाभर मागत बसतो. आणि सगळ्यांनी एकच कंपनी, एकच मॉडेल घ्यायचं ठरवून जा. आठ जणांनी आठ प्रकारच्या पकडी मागितल्या तर दुकानदाराला ते आठ किरकोळ गिऱ्हाईकंच.

अजून एक, बिलाचा घोळ. हॅण्ड टूलवर १८ टक्के जीएसटी आहे. भाव ठरवताना "बिल लागणार का" असा प्रश्न येतो, आणि बिल नको म्हटलं की अजून थोडं सुटतं. कॉन्ट्रॅक्टरला जीएसटी नंबर असतो, तो क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतो, विद्यार्थ्याला ते काही मिळत नाही, त्यामुळे पोरांना वाटतं बिल कशाला. मी म्हणतो डिसमिस-हातोडीला ठीक आहे, काय करायचं ते करा, पण मीटरला, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायच्या मल्टिमीटरला, बिल घ्याच. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा मीटर घरी जाऊन बघितला तर बीपच देत नव्हता, बिल होतं म्हणून विषयच झाला नाही, बदलून दिला.

तापकीर गल्ली

इथे मीटर, वायर, स्विच, एलईडी, इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट. पक्कड-डिसमिसही मिळतात पण त्यासाठी बोहरी आळी बरी. मीटरसाठी मात्र इथेच या, कारण चार दुकानं फिरून मीटर हातात घेऊन बघता येतो.

स्टुडंट डिस्काउंटचं वातावरण इथे उलटं आहे. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी आर्डुइनो, सेन्सर वगैरे घ्यायला सतत येतात त्यामुळे दुकानदारांना विद्यार्थी हा प्रकार चांगला माहितीय, आणि म्हणूनच ते सरावलेत, "सगळेच स्टुडंट आहेत, कोणाकोणाला देऊ." एका दुकानात तर आयकार्ड बघून म्हणाला, आयटीआय ना, मग हा घे स्वस्तातला, आणि पिवळा डीटी-८३० टाईपचा मीटर पुढे सरकवला. दोनशेच्या आत-बाहेर मिळतो तो. राग आला मला. इंजिनिअरिंगच्या पोराला बरा मीटर दाखवायचा आणि आयटीआयच्या पोराला हा, जे पोरगं खरं तर रोज लाईव्ह पॅनलसमोर उभं राहणार आहे त्याला!

या पिवळ्या मीटरबद्दल लिहितोच. बॅटरी, बल्ब, पाच-बारा व्होल्टचं काम, रेझिस्टन्स, कंटिन्युइटी (वायर मध्ये तुटलीय का ते बघणं), घरी शिकायला उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या दहा अँपिअरच्या सॉकेटजवळ बारीक अक्षरात काय छापलेलं असतं ते वाचा, बहुतेकांवर अनफ्यूज्ड लिहिलेलं असतं, म्हणजे त्या लाईनीत फ्यूजच नाही. आता नवशिक्या पोराने लीड (मीटरची टोचायची वायर) करंटच्या भोकात तशीच ठेवली आणि सॉकेटमध्ये २३० व्होल्ट बघायला घातली की थेट शॉर्ट. वर त्याच्या लीडची वायर इतकी पातळ असते की मुडपून मुडपून टोकाजवळ तांबं बाहेर येतं. मीटर घेताना त्याच्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं काहीतरी रेटिंग (मीटर कुठल्या जागी सुरक्षित आहे त्याची पायरी) आहे का बघा, आणि मागचं झाकण उघडून फ्यूज दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर पुढचं दुकान. घरातल्या प्लगपाशी कॅट टू चालतं, मेन बोर्ड-पॅनलला कॅट थ्री लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आम्ही मास्टेकचा ८३० एल घेतला, हजाराच्या आत बसला. मेको, रिशभ, मोटवानी हे आपल्याकडचे, त्यातले रिशभ आणि मोटवानी तर नाशिकचेच, चांगले आहेत पण बजेट वर जातं. फ्लूक वगैरे नोकरी लागल्यावर. इथे डिस्काउंट मिळाला तो पन्नास रुपये, आणि वर एक नऊ व्होल्टची बॅटरी फुकट. भाचा खूश, मी नाही.

टेस्टर आणि पक्कड, इथे कंजुषी नको

रिव्ह्यू आहे तरी हे मध्येच घालतो, कारण डिस्काउंट डिस्काउंट करत पोरं नेमकं इथेच पैसे वाचवतात.

निऑन टेस्टरमध्ये काय असतं? टोक, एक रेझिस्टर, छोटा निऑन दिवा, स्प्रिंग आणि मागे टोपी, जिच्यावर आपण बोट ठेवतो. म्हणजे करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातोय, फक्त तो रेझिस्टर मोठा, मेगओहमच्या घरात असल्यामुळे करंट इतका कमी की कळत नाही. तुमचं आणि फेजचं नातं त्या एका रेझिस्टरवर टिकलंय. फुटपाथवर वीस रुपयाला तीन टेस्टर मिळतात, त्यातला रेझिस्टर कोणी तपासलाय? उघडून बघा कधी, एकात तर मला स्प्रिंगला गंज आणि आत पाणी दिसलं होतं. साठ-सत्तर रुपयाचा कंपनीचा टेस्टर घ्या, वर्षाला बदला, भिजला तर लगेच बदला. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय नाही असं समजू नका, उन्हात दिसत नाही, लाकडी स्टुलावर उभे असाल तर मंद पेटतो, न्यूट्रल तुटलाय का हे तर तो सांगतच नाही. त्यासाठी मीटर नाहीतर टेस्ट लॅम्प.

पक्कडीचं पण तसंच. दांड्यावर जाड रबर चढवलंय म्हणजे इन्सुलेटेड असं नसतं, ते पकडायला बरं वाटावं म्हणूनही असतं. लाईव्ह कामासाठी टेस्ट केलेल्या टूलवर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, आयईसी ६०९०० नावाचं स्टँडर्ड आहे त्यासाठी. ती महाग असतात. पहिल्या वर्षाच्या पोराला लाईव्हवर काम करायचंच नसतं, त्यामुळे साधी टपारिया चालते, पण सप्लाय बंद करून, हे शंभर वेळा सांगा. बरेच जण साध्या पक्कडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून "झाली इन्सुलेटेड" म्हणतात, त्यांना हात जोडून नमस्कार.

टपारियाच्या नावाचा डुप्लिकेट मालही फिरतो हे ध्यानात असू द्या. ओरिजनल पक्कडीचे जबडे बंद केल्यावर उजेडाकडे धरून बघा, कापायच्या धारेतनं उजेड दिसता कामा नये, आणि रिव्हेट हलता कामा नये. नावाची अक्षरं खोल आणि सरळ असतात. भावात फार मोठा फरक सांगितला की समजायचं. कंपनी नाशिकच्या सातपूरची, मराठी मुलखात बनतं, आणि डुप्लिकेट पण आपल्याच गळ्यात मारतात.

जुना बाजार

मंगळवार पेठेचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. हातोडी, छिन्नी, कानस, पाने, बेंच व्हाइस, हॅक्सॉची फ्रेम, असलं लोखंडी काहीही इथे घ्या, जुनं लोखंड कित्येकदा नव्यापेक्षा सरस निघतं. भाच्याला एक पाऊण किलोची बॉल पीन हातोडी शंभराला मिळाली, दांडा नवीन घातला की झालं. इथे स्टुडंट डिस्काउंट वगैरे विचारू नका, सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने सुरुवात करा. टेस्टर, मीटर, ड्रिल मशीन, एक्स्टेन्शन बोर्ड मात्र इथून अजिबात नको. जुन्या ड्रिलची वायर, अर्थिंग, ब्रश, कशाचाच भरवसा नाही.

ऑनलाइन

सगळ्यात जास्त निराशा इथे. स्टुडंट डिस्काउंट म्हणून ज्या साईट-अ‍ॅप आहेत ना, ते लॅपटॉप, इअरफोन, सॉफ्टवेअर, कपडे, पिझ्झा यांच्यासाठी आहेत. आणि व्हेरिफिकेशनला कॉलेजचा ईमेल आयडी मागतात. आयटीआयच्या पोराला कुठला आलाय संस्थेचा ईमेल? कॉलेजच्या यादीत आयटीआयचं नावच नसतं, "अदर" निवडा, मग आयकार्डचा फोटो टाका, मग थांबा. एवढं करून पुढे टूलच नाहीत. अमेरिकेत स्नॅप-ऑनसारखी कंपनी टेक्निकल शाळेतल्या पोरांसाठी वेगळा स्टुडंट प्रोग्रॅम चालवते, गाड्यांच्या मेकॅनिकची पोरं त्यातून कमी भावात टूल घेतात, कारण कंपनीला माहितीय की जी कंपनी शिकताना हातात पडली तीच माणूस जन्मभर घेतो. आपल्याकडे महाराष्ट्रात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, दरवर्षी हजारो इलेक्ट्रिशियन बाहेर पडतात, आणि हे गणित अजून कोणत्या कंपनीच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही. शिरलं तर पहिला मी माल उचलीन.

बाकी दिवाळीच्या आधीच्या सेलमध्ये टूलचे भाव उतरतात हे खरं, पण अ‍ॅडमिशन ऑगस्टच्या आसपास होतात आणि टूल लगेच लागतात, त्यामुळे घाईचं तेवढं घ्या आणि बाकीचं सेलवर टाका. भाव बघायला ऑनलाइन बेस्ट आहे, मोबाइलवर रेट काढून दुकानात दाखवला की चाचा लोक बऱ्यापैकी मवाळ होतात. सेट घेताना सावध राहा. "४१ पीस इलेक्ट्रिशियन किट" असं लिहिलेलं असतं आणि त्या ४१ मध्ये तीस नुसत्या बिट असतात. माझ्या एका हेल्परने असलाच सेट एका मोठ्या साईटवरनं मागवला होता, त्यातल्या डिसमिसाचं टोक पहिल्याच गंजलेल्या स्क्रूवर पिळलं गेलं, आणि परत करायची मुदत संपलेली. हॅण्ड टूल ऑनलाइन घेताना कोण विकतोय ते बघा, कंपनीचं नाव वर आणि विकणारा भलताच, असं खूप असतं.

योजनेतून फुकट मिळतं म्हणतात ते

हा प्रश्न भाच्याच्या बापाने म्हणजे आमच्या दाजींनी काढला. त्यांना कोणी तरी सायबर कॅफेवाल्याने सांगितलं की पीएम विश्वकर्मामधून टूलकिटचे १५ हजार मिळतात, फॉर्म भरायचे पाचशे द्या. दाजींना म्हटलं, थांबा जरा. योजना खरी आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, टूलकिटसाठी १५ हजारांचं व्हाउचर हे पण खरं आहे, पण ती १८ पारंपरिक धंद्यांसाठी आहे, सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, चांभार असे. इलेक्ट्रिशियन त्यात नाही. आणि आधीपासून तो धंदा करणाऱ्यासाठी आहे, शिकणाऱ्यासाठी नाही. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी पण लोक सुचवतात, तिथे वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, कॉलेजात बसलेलं पोरगं तो कुठनं आणणार. खोटा दाखला काढून देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आयटीआयच्या पात्र मुलांना विद्यावेतन मिळतं ते आधी महिना ४० रुपये होतं, चाळीस! वर्षानुवर्षं. आता ते ५०० केलंय. ते जमा झालं की त्यातनं एक-एक टूल घ्या, हे मी भाच्याला सांगितलंय. आणि पुस्तकावर उगाच खर्च करू नका, निमीचे (आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) प्रश्नसंच वगैरे भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर फुकट आहेत, झेरॉक्सवाल्याला दोनशे-तीनशे देण्यापेक्षा त्यात एक बरा स्ट्रिपर येतो.

काय कधी घ्यायचं

सगळं पहिल्याच महिन्यात घ्यायची गरज नाही. पहिल्या वर्षाला सुरुवातीला वायर सोलणं, जॉइंट मारणं (मॅरीड, टी, ब्रिटानिया हे जॉइंटचे प्रकार), सोल्डरिंग, मग वायरिंग, अर्थिंग असं येतं. त्याला पक्कड, कटर, स्ट्रिपर, दोन डिसमिस, टेस्टर, पाच मीटरचा टेप, एवढ्यात भागतं. मीटर दोन-तीन महिन्यांनी घेतला तरी चालतो. दुसऱ्या वर्षाला मोटर, कंट्रोल पॅनल वायरिंग, तेव्हा क्रिम्पिंग टूल (वायरच्या टोकाला लग दाबून बसवायचं) लागेल, आणि ते पण वर्कशॉपमध्ये असतंच. क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता करंट मोजणारा) अप्रेंटिसला लागल्यावर स्वतःच्या पैशातनं. महावितरणमध्ये नाहीतर एखाद्या कंपनीत अप्रेंटिस लागलं की विद्यावेतन सुरू होतं, तेव्हा घेतलेलं टूल माणूस जपतो पण. पहिल्या वर्षी बापाच्या पैशाने घेतलेली अर्धी टूल होस्टेलमध्ये नाहीतर बसमध्ये जातात. हो, सगळ्या टूलवर नाव कोरून घ्या, बोहरी आळीतच मशीनने दहा-वीस रुपयात कोरून देतात, नेलपॉलिशने लिहिलेलं आठवड्यात जातं.

मुंबईवाल्यांसाठी थोडक्यात. टूलसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर-स्विच-इलेक्ट्रिकल मालासाठी लोहार चाळ, दोन्ही क्रॉफर्ड मार्केटपासून चालत. होलसेलचं मार्केट आहे, एकट्या पोराला तिथे कोणी विचारत नाही, ग्रुपने गेलात तर पुण्यापेक्षा भाव चांगला मिळेल. सकाळी माल उतरायच्या वेळेत जाऊ नका, हातगाडीवाले उडवतील.

स्टार द्यायचे तर बोहरी आळीच्या त्या दुकानाला साडेचार, अर्धा कापला कारण बसायला जागा नाही आणि चाचा एकदा गप्पात लागले की मागचं गिऱ्हाईक ओरडेपर्यंत थांबत नाहीत. तापकीर गल्लीला तीन, व्हरायटीसाठी, वागणुकीसाठी दीडच दिला असता. जुना बाजाराला चार, पण फक्त लोखंडासाठी. ऑनलाइनला दोन. दुपारी एक ते चारच्या मध्ये पेठेत जाऊ नका, अर्धी शटर खाली असतात, आणि रविवारी जायचं असेल तर आधी फोन करून विचारा. आयकार्ड ओरिजनल न्या, मोबाइलमधला फोटो चाचांना दिसत नाही.